मालकाचा आवाज

पहिला बुक्का तोंडावर बसला. दुसऱ्यानं दात पडला.

"मेंढरामागं हिंडणारं पोरगं, माझा आवाज काढतंय व्हय रं!"

पेडगावच्या जत्रेत, देवळाच्या ओट्यावर, भर गर्दीत एका बड्या जमीनदाराच्या मुलानं मला मारलं. मी कथा गात होतो. माझे वडील, आबा, शेजारी ढोल घेऊन बसले होते.

असं गाणं मी कॉलेजात पाहिलं. जिंतूरला आमच्या सरांनी पडद्यावर कोरियातली पान्सोरी दाखवली. एक बाई उभी, हातात पंखा. शेजारी एकच ढोलवाला. तीच राजा, तीच भिकारी, तीच रडणारी लेक. आवाज फाटलेला. वर्ग हसला. मी हसलो नाही. ओव्या गाताना आबांचा आवाज असाच फाटतो. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. आबांनी गाण्यात देवाचं सोंग घेतलं होतं, राजाचंही. मालकाचं कधीच नाही.

म्हणून मी आमचीच कथा बांधली. गेल्या हिवाळ्यात मेंढरं चुकून या जमीनदाराच्या मुलाच्या हरभऱ्यात शिरली. त्यानं काठीनं दोन कोकरांचे पाय मोडले. मग आबांचा हातही मोडला.

जत्रेत तो भाग आला. मी त्या बाईसारखाच हातात धरलेला पंखा मिटला, काठीसारखा उगारला आणि हुबेहूब त्याच्या आवाजात ओरडलो, "तुडवा रं यांना!"

लोक खदखदून हसले. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, त्योच की!"

तो ओट्यावर चढला.

बुक्के बसले तसा ढोल थांबला. आबांनी हात जोडले. "मालक, लेकरू हाय. चुकलं. माफी करा."

ते बुक्क्यांपेक्षा जास्त लागलं.

"आबा, वाजवा."

"गप बस रं."

"न्हाई बसत. वाजवा तुमी."

त्यांनी वाजवला नाही.

मी रक्त थुंकलो. जिथं तुटलं होतं तिथूनच धरलं. त्याच्याच आवाजात. "तुडवा रं यांना!"

त्यानं पोटात लाथ घातली. मी पडलो. पडल्या पडल्या गायलो. बरगडीवर लाथा बसत होत्या. कुणी मधे आलं नाही. कथा संपेपर्यंत गायलो.

पुढच्या जत्रेलाही याच ओट्यावर गाणार. ढोल नसला तरी. कथा आता वाढली आहे. त्यात त्याच्या लाथा आहेत. गप्प बसलेलं गाव आहे. आबांचे जोडलेले हात आहेत. तेही गाणार. आबांसमोर.