शेजारची जागा

पालीहून निघालो तेव्हा राजगड धुरकट हवेत बुडाला होता. मामींना तो एरवीही दिसला नसता. त्यांच्या डोळ्यांपुढे आता नुसत्या सावल्या उरल्यात. चेन्नईच्या एका दवाखान्यात काही इलाज होतो का पाहायला मी मामा-मामींना विमानानं नेत होतो. निघताना मामींनी चाचपडतच आम्हाला माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) वाढलं.

विंझरला एसटी आली. मामांनी खिडकीतून पंचा टाकून दोघांची जागा धरली. मग मामींचा हात हातात घेऊन ते नेहमीसारखे रस्ता सांगू लागले.

"गुंजवणीचं पाणी लई आटलंय. बांदावर बगळं बसल्यात."

"लई हायती?"

"तुज्या म्हायेरच्या मान्सांएवढं!"

मामी हसल्या. नसरापूर मागे पडलं तरी मामांचं सांगणं चालूच होतं.

पुण्याच्या विमानतळावर कळलं, की आमच्या जागा तीन वेगळ्या रांगांत आहेत. तिकीट एकत्र काढलेलं, तरीही. शेजारी बसायचं तर जादा पैसे मोजून जागा आधीच निवडायची असते म्हणे. मी आता भरतो म्हटलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, शेजारशेजारच्या जागाच उरल्या नाहीत."

विमानात मामा खिडकीशी बसले आणि शेजारच्या सीटवर त्यांनी पंचा पसरला. "ये गं, धरलीया जागा!" त्यांनी मागे हाक दिली. हवाई सुंदरीनं पंचा घडी करून त्यांच्या हाती परत दिला.

"आवं, आमी दोगं संगंच हाय. तिला दिसत न्हाई," मामा म्हणाले.

ती सीट नवऱ्यासोबत आलेल्या एका बाईंची होती. त्या ओशाळल्या. "काका, आम्ही दोघांनी शेजारी बसायलाच तर पैसे भरलेत. ह्यांना विमानात फार भीती वाटते हो."

मी इतरांनाही विनवलं, पण सामान ठेवून बसल्यावर जागा बदलायला कुणी तयार होईना. शेवटी मलाही जागेवर जाऊन बसायला सांगण्यात आलं.

मामी माझ्यापुढे दोन रांगांवर होत्या. विमानानं पहिला हिसका दिला तसा त्यांचा हात बाजूला गेला आणि शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर पडला. त्यानं लॅपटॉप सरकवून घेतला. मामींनी हात पदरात ओढून घेतला आणि चेन्नई येईपर्यंत तो बाहेर काढला नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही.

माझा नुसता संताप होत होता. एकत्र निघालेल्या माणसांची आधी ताटातूट करायची आणि मग त्यांना जवळ आणायचे पैसे मागायचे, हा कुठला धंदा?

चेन्नईच्या डॉक्टरांनी फार उशीर झाल्याचं सांगितलं. आहे तेही हळूहळू जाईल म्हणाले. मामी परत विमान नको म्हणाल्या, म्हणून आम्ही रेल्वेनं आलो.

स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी मिळाली. दोघं शेजारी बसले. मामांना चैन पडेना. दवाखान्याच्या धांदलीत आणि रेल्वेच्या गर्दीत विमानातलं सगळं सांगायचं राहून गेलं होतं.

"अगं, ढग असं खाली व्हतं, पिंजल्याला कापूस जसा. आन् नदी तर..."

मामींनी त्यांचा हात घट्ट धरला.

"नगा सांगू," त्या म्हणाल्या. "मला तवा ढग नकू व्हतं. ह्यो हात पायजे व्हता."