करकोच्यांची सरकारी पाहणी

सासऱ्यांना घरगुती पत्र मी कचेरीच्या छापील कागदावर लिहिलं, एवढीच माझी चूक. (घरातली आंतर्देशीय पत्रं संपली होती.)

बहात्तरच्या दुष्काळातला हिवाळा. सांगलीच्या आमच्या कचेरीत बदल्यांची यादी तयार होती आणि वेंगुर्ल्यापुढे माझं नाव होतं. ते खोडणं ज्यांच्या हाती, त्या साहेबांना पक्ष्यांचं भारी वेड! मी लगेच सांगून टाकलं, "साहेब, म्हसवडजवळ माझ्या सासुरवाडीच्या तळ्यावर दरसाल थेट सैबेरियातून करकोचे येतात."

साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, तळी आटत चाललीत. आणखी चार वर्षांनी येतील की नाही, कोण जाणे! रविवारी जाऊ. यादीचं सोमवारी बघतो."

मी सासऱ्यांना कळवलं: 'साहेब रविवारी करकोच्यांची पाहणी करण्यास येत आहेत. सहकार्य व्हावे.'

रविवारपर्यंत मला चैन नव्हतं. जीपमध्येही दर मैलाला मान बाहेर काढून मी आभाळ तपासत होतो.

"बसा की जरा," बायको म्हणाली. "पाखरं काय वेशीवर न्यायला येणार आहेत?"

पाखरं नाही, पण गाव आलं होतं! अख्खं. प्रत्येक गड्याच्या एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात गोफण. पुढे माझे सासरे, निवृत्त सुभेदार, छातीवर पदकं लावून. तळ्याचं डबकं झालेलं. उघड्या पडलेल्या गाळात गावानं हरभरा पेरलेला. आणि हरभऱ्यात शेकडो करकोचे! साहेबांनी घाईघाईनं दुर्बीण काढली.

"आबा, हे काय?" मी कुजबुजलो.

"पंचनाम्याची तयारी, जावईबापू! सरकारी कागद आला म्हंजी नुकसानीची पाहणीच की!"

"नाही हो! साहेब पाखरं नुसती बघायला आलेत."

"नुसती?" सासऱ्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "सांगलीवरनं?"

मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, तळं आटलं तवापास्नं ही पाखरं आमच्या पिकावर हायेत. हाकलून हाकलून खांदं गेलं. आता तुमीच बगा. पलटण... फायर!"

चाळीस गोफणी सुटल्या. "थांबा! थांबा!" साहेब दोन्ही हात हलवत हरभऱ्यात धावले. गावाला वाटलं, साहेबसुद्धा पाखरं हाकलतायत! मग काय, पोरंबाळं, म्हाताऱ्याकोताऱ्या, सगळे बोंब मारत त्यांच्यामागे! आभाळ करकोच्यांनी भरलं आणि बघता बघता मोकळं झालं.

एका आजीनं साहेबांच्या गळ्यात हार घातला. "महिना झाला, हटत न्हवती मेली. लय चांगला पायगुण हाय तुमचा!"

परतताना मांडीवर अर्जांचा गठ्ठा घेऊन साहेब एकदाच बोलले. "वेंगुर्ल्याला समुद्रपक्षी छान दिसतात म्हणे."

सोमवारी हुकूम हातात पडला. मी घरी येऊन ओरडलो, "आठ दिवसांत बिऱ्हाड हलवायचं? काही माणुसकी?"

पोत्यात भांडी भरता भरता बायको म्हणाली, "त्या बिचाऱ्या पाखरांना तुम्ही तेवढेही दिले नव्हते. हं, ते टोक धरा."