एकतिसाव्या पानावरचं वर्तुळ

खोडरबराला स्ट्रॉबेरीचा वास असतो हे मला स्ट्रॉबेरी पाहण्याच्या कितीतरी आधी ठाऊक झालं. वडील कारखान्यातून सुटल्यावर कधीमधी उल्हासनगरला कॅम्प चारच्या बाजारात जात. तिथल्या एका सिंधी दुकानदाराने "ले जाओ साईं, असली जपान का माल है" म्हणत तो गुलाबी खोडरबर त्यांच्या हातात ठेवला होता. माल जपानचा होता की दुकानाच्या पोटमाळ्यावरचा, याची चौकशी आमच्या घरात कोणी केली नाही. आजही कुठे तसला गोडसर, खोटा दर्प आला की मला फळ आठवत नाही. आठवतं अंबरनाथ पूर्वेचं आमचं सार्वजनिक वाचनालय, उतरत्या उन्हात पिवळी पडणारी काचेची कपाटं, आणि आठवीत असताना मी अत्यंत सुबकपणे केलेला एक गुन्हा. मुलांना ही गोष्ट सांगायला लागले की ती "आई, परत रबर?" म्हणून उठून जातात. वाचक त्या मानाने सोशिक असतात.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या दीड खोलीत रेडिओ, शिवणयंत्र आणि धाकटा भाऊ हे तिघेही एकाच वेळी चालू असत, म्हणून शाळा सुटली की गृहपाठाला मी वाचनालयात जाई. तिथल्या अभ्यासिकेत हिवाळ्याच्या संध्याकाळी एक विलक्षण स्तब्धता असे. जुन्या कागदाचा, खळीचा आणि खिडकीतून येणाऱ्या रासायनिक कारखान्यांच्या धुराचा मिळून एक संमिश्र गंध तिथे कायमचा वस्तीला आलेला होता, आणि तोच ज्ञानाचा गंध असावा अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. संदर्भग्रंथांचे जाडजूड खंड ग्रंथपालांच्या पाठीमागच्या कुलूपबंद कपाटात असत. ग्रंथपाल म्हणजे म्हात्रेसर. बदलापूरच्या पलीकडच्या गावातून सायकलवर येणारे, पांढरा सदरा घालणारे, सभासदांशी छापील मराठीत बोलणारे आणि राग आला की एकदम गावाकडच्या बोलीत उतरणारे.

घरात सभासदत्व एकच होतं, क्रमांक दोनशे चौदा. त्यावर माझा अभ्यास चाले आणि आईची कादंबरीही. आई सातवीपर्यंत शिकलेली. दुपारी भांडी आवरून झाली की उंबऱ्याशी बसून ती असं वाची की दारात आलेली भाजीवाली हाका मारून कंटाळून जाई. पण वाचनालयाची पायरी ती कधी चढली नव्हती. "तिथं शिकलेली माणसं बसतात, मी कशाला मध्ये?" असं म्हणून ती पुस्तक निवडण्याचं काम माझ्यावर सोपवी, आणि मी ते मुखपृष्ठावरचा रंग पाहून करी. परिणामी वाचलेलंच पुस्तक तिसऱ्यांदा घरी येई. "ह्यातली बाई शेवटी माहेरी परत जाते," आई पुस्तक माझ्याकडे सरकवत म्हणे, "आणि तू पण जा परत, बदलून आण."

यावर तिने उपाय काढला. पूर्ण वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात एकतिसाव्या पानावरच्या आकड्याभोवती पेन्सिलीने एक लहानसं वर्तुळ. एकतीसच का, तर तिच्या मते पुस्तक तोवर माणसाला धरतं किंवा सोडतं. मी कपाटाशी उभी राहून एकतिसावं पान उघडायची, वर्तुळ नसेल तर पुस्तक घ्यायची. शेवटच्या पानाकडे मात्र पाहायचं नाही, हा घरचा कडक नियम होता. शेवट आधी पाहणं आईच्या लेखी चोरीसारखंच होतं. या नियमाचं महत्त्व पुढे कळेल.

काही महिन्यांनी एका परत आलेल्या पुस्तकात वर्तुळाच्या शेजारी एक नाजूक त्रिकोण दिसला. मग दुसऱ्यात. मग आईने न वाचलेल्या एका कादंबरीत एकटाच त्रिकोण, तोही एकतिसाव्याच पानावर. मी घरी सांगितलं तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्यापूर्वी फक्त मावशीचं पत्र आल्यावर पाहिलं होतं. "तेच आण," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी त्रिकोण शोधू लागले. आईला ती पुस्तकं आवडत. नाही आवडलं तर ती त्या अदृश्य बाईशी भांडे: "हिला हे रडकं कसं काय आवडलं गं?" बाईच असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

आणि मग एका सोमवारी वाचनालयाच्या दाराशी सूचनेचा फळा लागला. 'पृष्ठ ३१ वर खुणा करणाऱ्या वाचकाचे सभासदत्व रद्द करण्यात येईल.' खाली म्हात्रेसरांची वळणदार सही.

कार्ड गेलं तर आईची दुपार गेली, आणि माझे खंडही गेले. 'आपल्या गावचे पाणी' या विषयावर शाळेत दहा पानांची माहिती द्यायची होती आणि बारवी धरण मला नळाच्या या टोकाकडूनच तेवढं ठाऊक होतं. घरी फळ्याची बातमी मी पोहोचू दिली नाही. एखाद्या कसलेल्या गुन्हेगाराला शोभेल असा निर्णय घेतला: पुरावा नष्ट करायचा. दुसऱ्या दिवसापासून गृहपाठाची वही आडोशाला धरून मी एकेक पुस्तक घेऊन बसायची आणि गुलाबी रबराने वर्तुळं पुसायची.

चौथ्या दिवशी मानेवर सावली पडली.

"काय गो, काय चाललंय?"

सदरा पांढरा होता, पण बोली गावाकडची होती. म्हणजे प्रकरण गंभीर. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं त्याची मला आजही लाज वाटते आणि थोडं कौतुकही. "सर, कोणीतरी खुणा करतं ना, मी त्या खोडतेय. पुस्तकं खराब होतात."

म्हात्रेसरांनी माझ्या हातातला रबर पाहिला. मग अगदी छापील मराठीत म्हणाले, "उत्तम. असे वाचक हवेत. मग सगळीच खोड. त्रिकोणसुद्धा."

मला त्यांच्या टेबलाशेजारची खुर्ची मिळाली. कुलूपबंद कपाट उघडलं, हवे ते खंड माझ्यापुढे आले. धरणाची उंची, पाणलोट, बुडालेली शेतं, सगळं मी उतरवून घेतलं. त्या बदल्यात रोज अर्धा तास मी आईला पुसत होते, आणि तिच्याशेजारच्या त्या बाईलाही. शाळेत बाईंनी माझी वही वर्गात फिरवली. मी सज्जनपणाच्या शिखरावर होते.

घरी मात्र आई गोंधळली. मी आणलेल्या पुस्तकाची दहा पानं वाचून ती थबकली, हे आधी वाचलंय की काय म्हणत पुढे गेली, परत थबकली. मग एकतिसावं पान उघडून तिने ते नाकाशी नेलं.

"तुझा रबर ह्या पानाला कसा लागला?"

मी सगळं सांगितलं. फळा, खोटं, खुर्ची. आई रागावेल असं वाटलं होतं, ती फक्त म्हणाली, "त्रिकोणपण खोडलेस?" आणि उठून तिने लुगडं बदललं.

वाचनालयाच्या पायऱ्या ती पहिल्यांदा चढली तेव्हा मी चार पावलं मागे होते, ओळख नसल्यासारखी. चप्पल बाहेर काढावी की नाही या प्रश्नाशी ती दारात अडखळली, मग काढूनच आत गेली.

"खुणा माझ्या आहेत," ती म्हात्रेसरांना म्हणाली. "माझी पुस्तकं बंद करा, पण पोरीला अभ्यासाला बसू द्या."

म्हात्रेसरांनी समोरचंच एक पुस्तक उघडलं, शेवटच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद तिच्यासमोर धरला. त्यावर त्यांच्याच शाईत, ठसठशीत, दोनशे चौदा. "बाई, प्रत्येक पुस्तक कोणी नेलं ते इथं लिहिलेलं असतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कोणी येऊन सांगतं का, ते बघत होतो." मग माझ्याकडे वळून, "ही आली खोडायला, म्हटलं बरं झालं. माझं काम वाचलं."

मला मिळालेला तो मान म्हणजे शिक्षा होती, हे मला त्या क्षणी, सगळ्या अभ्यासिकेसमोर कळलं. शेवटचं पान न पाहण्याचा घरचा तेवढा एकच नियम मी इमानदारीने पाळला आणि त्यातच पकडले गेले.

कार्ड राहिलं. आईने खाली पाहत विचारलं, "आणि त्या? त्रिकोणवाल्या?"

"ते नाव मी सांगणार नाही. वाचकाचं नाव आम्ही सांगत नाही." सर कागद उलटसुलट करत राहिले. "मंगळवारी दुपारी आतली खोली बायकांसाठी मोकळी असते, एवढं सांगतो. आणि पुस्तकं आता स्वतः येऊन निवडा. पोरीची निवड काही खरी नाही."

पुढच्या मंगळवारी मी शाळेतून थेट तिथे गेले. कारण अभ्यासाचं, हेतू अर्थात दुसरा. आतल्या खोलीत खिडकीखालच्या बाकावर चार बायका बसल्या होत्या, त्यांतली एक आई. तिरपं ऊन चौघींच्या हातांवर सारखंच पडलं होतं. एक नर्सच्या पांढऱ्या साडीत, एक जाड चष्मा लावलेली, एक पायाशी भाजीची पिशवी ठेवलेली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी प्रत्येकीच्या चेहऱ्यावर त्रिकोण शोधला, आणि तिघींपैकी कोणीही ती असू शकली असती.

मग आईने मान वर केली. वाचताना कोणी अनोळखी मध्येच आलं की माणूस जसं पाहतं, तसं तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, आणि तेवढ्या क्षणापुरती मी तिची कोणीच नव्हते. पानावर बोट ठेवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "घरी जा. कुकर लाव. मला यायला वेळ आहे."

मी घरी आले, कुकर लावला.