हिरव्या शाईची चिठ्ठी

परवा ड्रॉवर आवरताना जुनं हिरवं पेन हाती लागलं आणि पनवेलच्या त्या कंपनीतली मीटिंगची खोली आठवली. यंदाची देणगी कुणाला द्यायची ते गुप्त चिठ्ठ्यांनी ठरणार होतं. साहेबांना त्यांच्या क्लबच्या बागेला द्यायची होती. चहा करणाऱ्या मावशींनी त्यांच्या नेऱ्याकडच्या वाडीतल्या बालवाडीच्या छपरासाठी विनवलं होतं. मी ‘बालवाडी’ लिहून चिठ्ठी डब्यात टाकली आणि मग हातातल्या पेनाकडे लक्ष गेलं. माल तपासणाऱ्याने हिरव्या शाईनेच लिहायचं, हा आमच्याकडचा नियम, आणि तपासणारी मी एकटी. साहेब दार अडवून बसलेले. निळ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता त्यांनी माझी हिरवी उचलली आणि माझ्याकडे बघून हसले. ‘‘कशाला हवं हे गुप्त वगैरे? बाग कोणाकोणाला हवी, हात वर करा बघू.’’ भराभर हात वर गेले. माझाही गेला. तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या, हात बघून हरखल्या आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, ‘‘ताई, एवढे हात आमच्या बालवाडीला हायत?’’ मला हात खाली घेववेना. परवा ते पेन कागदावर ओढून पाहिलं. मेलं अजून हिरवंगार उमटतंय.