नातनीच्या नावाची गोळी

आमच्या अंगणवाडीला लागून राहणारे काकाजी बकऱ्यांना फार जपतात. सकाळी एकेकीचे डोळे उघडून बघतात, लेंड्या तपासतात, वेळच्या वेळी जंताचं औषध पाजतात. त्याच अंगणात त्यांची नातीन अनवाणी खेळते. तिचं पोट टम्म फुगलेलं आणि हातपाय काडीसारखे. ते मात्र त्यांच्या नजरेत कधी भरलं नाही.

"काकाजी, जनावराचे काही जंत माणसालेबी लागतात," मी सेविका म्हणून त्यांना कितीदा तरी सांगितलं.

ते गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे. "म्हणूनच म्हणतो मॅडम, पोट्टीले दूर ठेवाले पायजे. बकऱ्या बिमार पडतीन."

यंदा जंताच्या गोळ्या वाटल्या त्या दिवशी नातीन आली नाही, म्हणून मीच त्यांच्या घरी गेले. काकाजींच्या हातात गोळी दिली आणि परसात खेळणाऱ्या पोरीला हाक मारायला वळले. तिला घेऊन आले तर काकाजी ती गोळी गुळात दाबून बकरीच्या तोंडात कोंबत होते.

"हे काय करून राहिले तुम्ही?" मी ओरडले.

"ईदेले विकाची हाय, अन् अंग धरून नाही राहिली," ते शांतपणे म्हणाले. "पोट्टीले कोण विकत घेते?"

पोरगी ऐकत उभी होती. मी दुसरी गोळी काढली, तिला मांडीवर घेतलं आणि गोळी चावून खायला लावली.

"गोड हाय," ती म्हणाली.

काकाजी खरोखरच विचारात पडले. "मंग बकरीनं थुकून काऊन देली?"