मी दिलेली साक्ष

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पापनिवेदनात एकदा सांगितलं — पण कसं? ‘फादर, मी खोटं बोलले,’ एवढंच. कुठलं खोटं, कुणाशी, त्याचं पुढे काय झालं, ते फादरांनी विचारलं नाही आणि मीही उघड केलं नाही. चार प्रार्थना म्हणून घरी आले. सुटले असं स्वतःला समजावलं. पण सुटले का?

माझं माहेर वसईतलं गास, सासर तिथलंच नंदाखाल. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी लग्न होऊन इथे आले. चर्चच्या (आम्ही त्याला देऊळच म्हणतो) आवारातल्या शाळेत शिकवायचे, रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. सासऱ्यांचं नाव इनास, पण घरात सगळे त्यांना बाबा म्हणायचो. त्यांची केळीची वाडी होती. बोलणं कमी. मला ‘बाय’ म्हणायचे. उन्हात सुकवलेल्या सुकेळ्यांतलं सगळ्यात मऊ केळं नेमकं माझ्या डब्यात कसं यायचं, ते मला कधी विचारावं लागलं नाही. सासूबाई कुरकुरायच्या. बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे.

त्यांचं एकच वाकडं होतं — धाकट्या भावाशी. वाडीत दोघांचं सामाईक बावखल, गोड्या पाण्याचं जुनं तळं. पास्कूकाकांनी त्यावर पाणी उपसायचं इंजिन बसवलं, बाबांच्या केळी सुकल्या, आणि दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. भिंतीला भिंत, पण नाताळचा फराळसुद्धा इकडून तिकडे जात नव्हता.

त्या वर्षी चर्चच्या सभागृहात तपसाधना झाली, काही दिवस प्रवचनं आणि प्रार्थना. बाहेरगावचे प्रवचनकार आले होते. आवाज चांगला, बोलणं थेट. म्हणाले, मिस्सा, रोजरी, उपास हे सगळं वरचं बांधकाम आहे. तारण, म्हणजे पापातून सुटका, हा पाया. तुमचं तारण झालं आहे का? कधी झालं, ते सांगता येईल का?

एकेक जण उठून आपलं तारण कसं झालं त्याची साक्ष देऊ लागला. माझ्या बाकावरची कोपऱ्यातली बाई, जिला सही करता येत नव्हती, तीही उठली आणि रडत रडत बोलली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. धर्मशिक्षणाची बाई ना मी? माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. लहानपणी बाप्तिस्मा झाला, वेळेवर दृढीकरण झालं, प्रार्थना पाठ होत्या. बस.

मी उठले.

म्हटलं, एका दुपारी मी देवळात पुढच्या बाकावर एकटीच बसले होते. छातीत एकदम ऊब भरली. कुणीतरी माझं नाव घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मला कळलं — माझं तारण झालं.

खरं काय होतं, सांगू? त्या दुपारी मी देवळात बसले होते हे खरं. चपलेचा अंगठा तुटला होता, बाहेर ऊन होतं, आत गार होतं. मला माहेरची आठवण येत होती. थोडा डोळा लागला. एवढंच.

सभागृहात टाळ्या पडल्या. मागे दाराशी बाबा उभे होते. मला न्यायला सायकल घेऊन आले होते. घरी जाताना ते सायकलवर बसलेच नाहीत, ती हातात धरून माझ्याबरोबर चालले. वाटेत एवढंच म्हणाले, “बाय, देव असा नावानं हाक मारतो, मला ठाऊक नव्हतं.”

तेव्हाच सांगायचं होतं. रस्त्यात आम्ही दोघंच होतो. पण इतक्या मायेनं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं — ते घालवायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भावाच्या अंगणात गेले. काय बोलले ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी पास्कूकाका आमच्या ओट्यावर चहा पीत बसले होते आणि सासूबाई आत डोळे पुसत होत्या. बघा, मी मनात म्हटलं, माझ्या खोट्यातून केवढं चांगलं निघालं. ही सबब मी पुष्कळ वर्षं वापरली.

कारण पुढचं मला बघायचं नव्हतं. बाबांनी भावाशी समेट केला तो वाट मोकळी करायला. आता आपल्यालाही हाक येईल असं त्यांना वाटलं. दुपारी वाडीतलं काम टाकून, पाय धुऊन, धुतलेला सदरा घालून ते देवळात जाऊन बसायचे. मी सांगितलं होतं त्याच बाकावर. शाळेच्या खिडकीतून मला ते आत जाताना दिसायचे. बाहेर येतानाही दिसायचे. मुलं पाढे म्हणत असायची आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे.

संध्याकाळी हळूच सांगायचे, “आज पण नाय.”

मग त्यांनी परमप्रसाद घेणं सोडलं. मिस्सात फादरांच्या हातून ती पवित्र भाकर घ्यायला सगळे रांगेत पुढे जायचे, बाबा बाकावरच गुडघे टेकून राहायचे. फादरांनी समजावलं — इनास, तारण म्हणजे अंगावर काटा येणं नव्हे, ते देवाचं देणं आहे, बाप्तिस्म्यातच तुला मिळालं. बाबा मान हलवायचे आणि जागेवरून उठायचे नाहीत. मला म्हणाले, “ज्याची सुरुवातच झाली नाय, तो पुढं कसा जाईल?” गावात कुजबुज सुरू झाली, म्हाताऱ्यानं काय पाप केलंय? सासूबाई रात्रंदिवस तोच विचार करू लागल्या. तरुणपणातलं काहीबाही आठवून त्यांनी बाबांशी भांडण काढलं.

आणि मी? मी दुसऱ्या गावांच्या तपसाधनांना जाऊन तीच साक्ष देत होते. लोक बोलवायचे. एकदा तर मोगऱ्याचा वास आल्याचंही सांगितलं.

एकदा सुकेळी पुड्यांत बांधताना मी तोंड उघडलं. “बाबा, ते मी त्या दिवशी बोलले ना—” ते केळीच्या खोडाच्या सुक्या सोपटाची दोरी वळत होते. हात न थांबवता म्हणाले, “तू बोललीस म्हणून तर मला भाऊ मिळाला, बाय. माझं होईल तेव्हा होईल.” मी पुढची सुकेळी उचलली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या पोटात गाठ निघाली. शेवटी अंथरुणाला खिळले. एका सकाळी फादर पवित्र तेल आणि परमप्रसाद घेऊन आले. खोलीत सगळे होते — नवरा, सासूबाई, पास्कूकाका. फादरांनी प्रसाद समोर धरला. बाबांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी मान वळवली, मला शोधलं आणि विचारलं, “बाय, घेऊ?”

फादर समोर असताना त्यांनी मला विचारलं. घरात तारण झालेली मीच होते ना.

बाबा, मी खोटं बोलले, तुम्हाला कुणी वगळलेलं नाही, त्या बाकावर मला कुणीही हाक मारली नव्हती — एवढं बोलायला किती वेळ लागला असता? सगळे माझ्याकडे बघत होते. अगदी त्या सभागृहातल्यासारखे.

मी म्हटलं, “घ्या, बाबा.”

त्यांनी घेतला. लहान मुलासारखं तोंड उघडून घेतला. दुपारच्या आत ते गेले.

सासूबाई पुढे मला म्हणायच्या, तू होतीस म्हणून म्हातारा सुखानं गेला. त्यांनाही मी कधी खरं सांगितलं नाही. त्याही आता नाहीत. बाबा प्रसाद घ्यायला फादरांच्या शब्दावर तयार झाले नव्हते, देवाच्या शब्दावरही नाही. माझ्या शब्दावर झाले. आणि माझा शब्द खोटा होता.