भवानी होईपर्यंत

सकाळची भवानी झाल्याशिवाय आमचे सासरे अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत, हे लग्न ठरवताना मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी हसलेच असते म्हणा. माझं माहेर नांदेडजवळ विष्णुपुरीला. वडील कॉलेजात नोकरीला, महिना भरला की पगार हातात. दिवसाची पहिली रोख विक्री म्हणजे भवानी, आणि तिच्यासाठी कोणी उपाशी बसतं, हे मला काय ठाऊक!

शिरूर अनंतपाळला सून म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात सगळं कळलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा अंघोळ करून, गंध लावून दुकानात बसायचे. शटर वर गेलं की थोड्याच वेळात कोणी चहापत्तीला, कोणी काडीपेटीला यायचंच. नोट हातात पडली की मामा ती डोळ्यांना लावायचे, माहूरच्या रेणुकामातेच्या फोटोला टेकवायचे आणि आत हाक मारायचे, "झाली गं भवानी! आण चहा." तेव्हा मला ते आवडायचंसुद्धा. घरात सकाळ झाल्यासारखं वाटायचं.

समोर, रस्त्याच्या पलीकडं, सगळं गाव ज्यांना चाचा म्हणतं त्यांचं किराणा दुकान. ह्या दोघांची चुरस मी लग्न होऊन यायच्या कितीतरी आधीपासूनची. एकानं साखर चार आण्यांनी उतरवली की दुसऱ्यानं आठ आण्यांनी उतरवायची. चाचा लहान लेकरांच्या हातावर बत्तासा ठेवायचे, म्हणून मामा गुळाचा खडा ठेवायला लागले. रोखीचं गिऱ्हाईक एसटीतून उतरून रस्त्याच्या मधोमध आलं की दोघंही मानेनं त्याला आपल्याकडं ओढायचे. एकमेकांशी बोलणं नाही, लग्नकार्याला जाणं नाही. पण समोर कोण आलं, काय घेऊन गेलं, रोख दिली की लिहून ठेवायला सांगितलं, हे दोघांनाही दिवसभर तोंडपाठ. मी ह्यांना म्हणायचे, तुमच्या वडिलांचं अर्धं लक्ष वजनावर आणि अर्धं समोर. हे हसायचे. हे लातूरला कचेरीत नोकरीला, सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी यायचे. त्यांना हसायला काय जातंय!

मग मामांना साखरेचा आजार निघाला. लातूरच्या डॉक्टरनं गोळी दिली आणि बजावून सांगितलं, उपाशीपोटी घ्या, पण नंतर अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे. न खाल्लं तर साखर एकदम खाली येते, माणूस बेशुद्ध होतं, जिवावर बेततं. मी शेजारीच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. मामांनी मान डोलावली. घरी आल्यावर उठल्याउठल्या गोळी घ्यायला लागले आणि खायचं मात्र भवानी झाल्यावर.

"मामा, डॉक्टर काय म्हणाले?"

"उपाशीपोटी घ्यायची म्हणले न्हव? घेतोय की."

"आणि खायचं?"

"खातोय की. भवानी झाली की खातोय."

डॉक्टरचं अर्धं ऐकायचं आणि अर्धं देवीचं! पण तेव्हा भवानी लवकर व्हायची, म्हणून निभावून जायचं.

निभावणं संपलं ते स्टँडजवळ मार्ट झालं तेव्हा. काचेचं दार, आत गार हवा, ढकलत न्यायची गाडी. आमच्या गावात ढकलत न्यायची गाडी, म्हणजे सांगा! पहिले दिवस लोक बघायला गेले आणि मग तिकडचेच झाले. रोखीचं गिऱ्हाईक सगळं तिकडं वळलं. आमच्याकडं आणि चाचांकडं राहिले ते उधारीवाले, कारण मार्टात उधारी नाही. आता भवानीच्या आधी उधारी द्यायची नाही, हा मामांचा नियम. म्हणजे सकाळी माणसं यायची, "लिहून ठेवा" म्हणायची आणि मामा म्हणायचे, "भवानी होऊ द्या, मग या." ती जायची. आणि रोख कोणी येत नसे. मामांचा चहा आधी नऊपर्यंत लांबला, मग दहापर्यंत.

मला भीतीनं काही सुचेना. स्वयंपाक करताना कान सगळे दुकानाकडं. मामांचा खोकला आला तर बरं वाटायचं, आवाज आला नाही की पोळी तव्यावर सोडून मी धावत यायचे. ते आपले पुडे झटकत बसलेले असायचे. "काय गं?" म्हणायचे. "काही नाही," म्हणायचं आणि परत जायचं. पोळी करपलेली.

"मामा, मीच घेते पाव किलो साखर. रोख देते. करा भवानी."

"घरचं गिऱ्हाईक गिऱ्हाईक नसतं पोरी."

ह्यांनी दुकानात मोबाईलवरून पैसे घ्यायचा कोड चिकटवून दिला होता. शेजारी ती बोलणारी डबीपण. एकदा कॉलेजच्या पोरानं दाढीचं पातं घेतलं, फोन दाखवला, डबी बोलली, एवढे रुपये मिळाले. मी चहाचा कप घेऊन तयारच! मामांनी हातानंच थांबवलं. "ती डबी बोलली. माझ्या हाताला काय लागलं? देवीला काय टेकवू, डबी?" मला रडू आलं आणि हसूपण आलं.

शेवटी मी एक युक्ती केली. शेजारी शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत. त्यांना रोज संध्याकाळी मी गुपचूप पैसे द्यायचे आणि सकाळी शटर उघडल्याबरोबर त्यांनी येऊन आमच्याकडून साबण न्यायचा. दृष्ट लागावी असं जमलं. मामांचा चहा वेळेवर, पोहे वेळेवर. मामा खुशीत येऊन म्हणायचे, "बघ, गिऱ्हाईक परत यायलंय. मार्टाचं नवं नवं होतं." मी मान खाली घालून कांदा चिरायचे. पण काकू पडल्या प्रामाणिक. त्यांना मी म्हटलं होतं, साबण ठेवा तुम्ही. त्या ठेवीनात. दुपारी मागच्या भिंतीवरून परत द्यायच्या. आणि मी शहाणी, ते न्हाणीघरातल्या फळीवर मागं सारून ठेवत गेले. दुसरं कुठं ठेवणार? एके सकाळी मामा ओल्या अंगानं, पंचा नेसून, हातात एकसारख्या साबणांची चळत घेऊन माझ्यापुढं उभे राहिले.

ओरडले असते तर परवडलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "देवीला खोटी भवानी दाखवलीस माझ्या हातनं."

"मामा, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे!"

"आता गल्लीतलं कोणी आलं तर पहिली भवानी घेणार न्हाई." आणि पंचा सावरत आत गेले. त्या दिवशी कोणी परगावचा माणूस एसटी चुकली म्हणून तंबाखू घ्यायला आला, म्हणून वाचलो. उद्याचं काय, ह्या विचारानं मला रात्री झोप नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी ती वेळ आली. मार्टात साखरेवर सूट होती. रिक्षावर भोंगा लावून सकाळपासून गावभर ओरडत होते. हे लातूरला गेलेले. मामांनी नेहमीसारखी गोळी घेतली आणि जाऊन बसले. रस्त्यानं लोक पिशव्या भरभरून तिकडून येत होते, आमच्या दुकानासमोरून जाताना मान वळवत होते. एक बाई तेल मागायला आली, उधारीवर. मामा म्हणाले, भवानी होऊ दे. एक पोरगी शाम्पूची पुडी घेऊन गेली, पैसे फोनवर. डबी बोलली. मामांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ऊन पायरीवर चढलं. मामांच्या कपाळावर घाम आलेला मला आतून दिसला. पंखा चालू होता.

मी चहा नेला. त्यांनी कप सारला. मी पाया पडले, खरंच पडले, रस्त्यावरच्या लोकांदेखत. "मामा, दोन घोट घ्या. देवी काही म्हणणार नाही." ते नुसते "व्हतीय, आता व्हतीय," म्हणत राहिले. ह्यांना फोन लावला. "दे त्यांना फोन, दे!" हे तिकडून ओरडतायत. मामांनी फोन कानाला लावलाच नाही. मग त्यांनी तराजू पुढं ओढला आणि एका पारड्यात वजन ठेवून दुसरं पारडं नुसतंच बघत बसले. रिकामंच पारडं. मी हाक मारली तर माझ्याकडं बघून म्हणाले, "कोणाची गं तू?"

मी साखरेच्या पोत्यात हात घालून मूठ भरली आणि त्यांच्या तोंडाशी नेली. दातखीळ बसल्यासारखे दात आवळून घेतले त्यांनी. भान नव्हतं, पण भवानी व्हायची आहे एवढं भान होतं! मी रस्त्यावर जाऊन किंचाळले, "अहो, कोणीतरी या हो! मामा बघा कसं करायलेत!" पिशव्यावाले लोक थबकले. कोणी म्हणे गाडी आणा, कोणी म्हणे डॉक्टरला फोन लावा.

चाचा उठून उभेच होते. ते रस्ता ओलांडून आले. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना आमच्या पायरीवर कधी बघितलं नव्हतं. गर्दी हातानं बाजूला करून ते गिऱ्हाईक उभं राहतं तिथं उभे राहिले आणि गल्ल्याच्या फळीवर थाप मारली.

"शेट! गिऱ्हाईक आलंय. पाव किलो साखर द्या. रोख हाय."

मामांची मान वर झाली. इतका वेळ मी गळा काढत होते तर वर झाली नव्हती. हात आपोआप साखरेच्या मापाकडं गेला. माप धरवेना, म्हणून मी त्यांच्या हाताखाली हात धरला. अर्धी साखर सांडली. काटा कुठं गेला कोणी बघितलं नाही. चाचांनी नोट मामांच्या तळव्यात ठेवली, बोटं मिटवली आणि तो हात धरून त्यांच्या डोळ्यांना लावला.

"झाली बोहनी. झाली का न्हाई, शेट?"

"झाली," मामा म्हणाले. दात सुटले.

"बेटा, पानी आन, जल्दी!" चाचांनी ती विकत घेतलेली साखर तांब्यात ओतली, बोटानं ढवळली आणि मामांची मान धरून घोट घोट पाजली. माझं तर रडणंच थांबेना. गावातले डॉक्टर स्कूटरवरून आले तोवर मामा भिंतीला टेकून बसले होते आणि घाम थांबला होता. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून बघितलं. म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. पोटभर खायला घाला, संध्याकाळी परत बघतो. आणि मग मामांना जे काही झापलं, माझ्या मनातलं सगळं झापलं! गर्दी पांगली. चाचा कधी गेले तेही मला कळलं नाही.

मी मामांना दुधात भाकरी कुस्करून दिली. त्यांनी सगळं खाल्लं. मग डोळे मिटूनच विचारलं, "समोर झाली का?"

माझं डोकंच फिरलं. "मामा! मेला असतात आत्ता! अजून तुम्हाला समोरचं पडलंय? त्यांनी तुमचा जीव वाचवला आणि तुम्ही त्यांचं गिऱ्हाईक मोजताय?"

"तसं न्हाई गं." त्यांनी डोळे उघडले. "सकाळपासनं बघायलोय मी. त्याची भवानी झाली न्हाई अजून. भवानी व्हायच्या आधी पैसा बाहेर काढत न्हाईत पोरी. त्यानं काढला. जा. काय बी घे, पण रोख दे."

मी पर्स घेऊन रस्ता ओलांडला. चाचा एकटेच बसले होते. पुढ्यात बशीनं झाकलेला चहाचा कप.

"काय देऊ बेटा?"

मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, "साखरच द्या." ते उठले, कागदाची पुडी बांधायला लागले. दोऱ्याची गाठ बसेना त्यांना. मी मनाशी म्हटलं, धावपळ झाली, वय आहे. नोट दिली, त्यांनी डोळ्यांना लावली, बिस्मिल्ला म्हणाले आणि गल्ल्यात टाकली. मग बशी उचलली. गार चहावर साय धरली होती. कपाच्या मागं गोळ्यांची पट्टी पडली होती. ती पट्टी मी झोपेतही ओळखली असती. रोज सकाळी मामांच्या हातात बघते मी.

"चाचा, ही गोळी तुम्ही घेतलीत आज?"

"घेतली ना. डॉक्टर सांगतो उपाशीपोटी घ्यायची."

त्यांच्या कपाळावरचा घाम मला आत्ता दिसला. कप ओठांपर्यंत नेता नेता हिंदकळत होता. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, पुडी दातानं फोडली आणि मूठभर साखर त्या गार चहात ओतली.